डिजिटल कॅमेऱ्यासाठी मोफत स्टॉप-मोशन सॉफ्टवेअर कोणते?

मातीची_बाहुली:
नमस्कार. मातीच्या बाहुल्यांची एक-दीड मिनिटाची स्टॉप-मोशन फिल्म (बाहुली थोडी थोडी हलवून काढलेले फोटो सलग दाखवणारी) करण्याचा विचार आहे. माझ्याकडे काही वर्षांपूर्वीचा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा आणि विंडोज असलेला लॅपटॉप आहे. दोन-तीन मोफत प्रोग्रॅम उतरवून पाहिले, परंतु ते लॅपटॉपचा वेबकॅमच दाखवतात. यूएसबीने जोडलेल्या कॅमेऱ्याचा मात्र फोटोंचा फोल्डर तेवढा उघडतो. हा कॅमेरा ओळखणारे मोफत सॉफ्टवेअर कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.

तिपाई:
अडचण सॉफ्टवेअरची कमी आणि कॅमेऱ्याची जास्त आहे. संगणकावरून शटर दाबता यावे आणि लेन्समधले जिवंत दृश्य पडद्यावर दिसावे, ही सोय प्रामुख्याने डीएसएलआर आणि मिररलेस या लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत असते. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे यूएसबीवरून केवळ साठवलेले फोटो देतात, त्यामुळे आपण आणखी दहा प्रोग्रॅम उतरवले तरी तोच फोल्डर दिसेल. बोट्स अॅनिमेटर मोफत आणि चांगला आहे, पण तो मुख्यतः वेबकॅमसाठी आहे. ड्रॅगनफ्रेम व्यावसायिक स्टुडिओंत वापरतात, मात्र तो विकत घ्यावा लागतो.

म्हणून कामाचे दोन भाग करावेत: फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरच काढावेत आणि नंतर ते क्रमाने जोडून व्हिडिओ करावा. दुसऱ्या भागासाठी ब्लेंडर हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्याच्या व्हिडिओ एडिटिंग विभागात सगळे फोटो एकदम निवडून इमेज सिक्वेन्स (फोटोंची सलग मालिका) म्हणून घेता येतात. सेकंदाला 12 फोटो धरले तर एका मिनिटाला 720 फोटो लागतात, आणि हौशी कामासाठी हा वेग अगदी योग्य आहे. कॅमेऱ्याचा क्रमांक 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो, तेव्हा चित्रीकरणाच्या मध्येच तसे होणार असेल तर आधीच नवा फोल्डर करावा, अन्यथा शेवटचे फोटो सुरुवातीला जाऊन बसतात.

मुक्तस्रोत:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. पुढेमागे निकॉन किंवा कॅननचा डीएसएलआर हाती आला, तर तो संगणकावरून चालवण्यासाठी विंडोजवर डिजिकॅमकंट्रोल मोफत मिळते. लिनक्सवर जीफोटो या कॅमेरा जोडणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेले एंटँगल आहे, आणि त्यात आधीचा फोटो नव्या दृश्यावर पुसटसा दिसतो, ज्याला ओनियन स्किन म्हणतात. बाहुलीचा हात मागच्या फ्रेमपेक्षा किती सरकला हे त्यावरून कळते. ही सोय नसताना काम होतच नाही असे नाही, पण अंदाजाने हलवलेला हात अनेकदा झटक्याने उडाल्यासारखा दिसतो.

मातीची_बाहुली:
दोघांचेही आभार. कार्डावर फोटो काढून ब्लेंडरमध्ये जोडून पाहिले. फिल्म चालते, परंतु प्रत्येक फ्रेमला उजेड कमी-जास्त होतो. कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड नाही.

तिपाई:
कॅमेरा प्रत्येक फोटोला एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, नव्याने ठरवतो, त्यामुळे हे घडते. आपला कॅमेरा कॅनन पॉवरशॉट असेल तर सीएचडीके हे कॅमेऱ्यात जादा सोयी देणारे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. ते कार्डावरून चालते, मूळ फर्मवेअर (कॅमेऱ्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) बदलत नाही आणि अनेक मॉडेलांत शटरचा वेग हाताने ठरवू देते. अन्य कंपनीचा असेल तर निदान व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) आणि आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) पक्के करावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडावे, म्हणजे बोटाच्या दाबाने कॅमेरा हलत नाही.

खिडकीचा उजेड पूर्ण बंद करून दिव्यांवरच काम करावे. गडद कपडे घालावेत. पांढऱ्या शर्टावरून परतणारा उजेड सेटवर पडतो आणि आपण जागा बदलताच बाहुलीच्या चेहऱ्यावरची छटा बदलते. एवढे करूनही थोडी लुकलुक उरलीच, तर एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ प्रोग्रॅममधील डीफ्लिकर फिल्टर ती बरीच दाबतो.

मुक्तस्रोत:
फिल्टरपूर्वी एक चाचणी करावी. काहीही न हलवता 24 फोटो काढून ते दोन सेकंदांत चालवून पाहावेत. चित्र स्थिर असतानाही उजेड हलत असेल, तर दोष दिव्यांचा वा कॅमेऱ्याचा आहे, आणि तो दूर होईपर्यंत बाहुलीला हात लावू नये.