काळी काच डोळ्यांना, नाकाला काय?

फिटर भोसरीकर
काका 58 वर्षांचे. तीसेक वर्षं वेल्डिंगचा रॉड जाळला, त्यातली बरीचशी बंद टाक्यांच्या पोटात बसून. वर्षभरात चेहरा मख्ख झालाय, बोलणं पुटपुटल्यासारखं. चालताना टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर कोंबड्यासारखे चालतात. मागे सरायला सांगितलं की कोसळतात. हात मात्र फारसा थरथरत नाही. वर्कशॉपचा मालक म्हणतो, वयाचा पार्किन्सन, म्हणजे कंपवात. मी म्हणतो, रॉडच्या धुरातलं मँगनीज. ग्लासगोत कूपर या डॉक्टरने 1837 साली मँगनीजचं खनिज दळणाऱ्या मजुरांत पाय लुळे पडलेले आणि आवाज बसलेला पाहिला होता. तेव्हापासून आपण वेल्डरला दिलं काय, तर काळी काच. डोळे वाचले, नाक उघडंच. धूर ओढणारा पंखा नसेल तर शेडला टाळं लावा, असं माझं मत.

शेडवाला सातपूर
टाळं लावा म्हणणं सोपं आहे. मग त्या वेल्डरच्या घरी चूल कोण पेटवणार? 2012 साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा वेल्डरांत पार्किन्सन जास्त आढळला नाही, उलट किंचित कमीच निघाला. मँगनीज चहात असतं, गव्हात असतं. आमचे वडील जन्मभर वेल्डर, सत्तरीत पर्वती चढायचे. मास्क मी आणून दिलेत. मे महिन्यात कोण घालतो?

मेंदूवाली
(न्यूरोलॉजीत शिकतेय, तपासल्याशिवाय निदान करत नाही.)
चहातलं मँगनीज आधी यकृताकडे जातं आणि जास्तीचं पित्तावाटे बाहेर पडतं. धुरातलं फुप्फुसातून सरळ रक्तात उतरतं, वाटेत ती चाळणी लागत नाही. मेंदूत ते मुख्यतः ग्लोबस पॅलिडस नावाच्या आतल्या भागात साठतं. पार्किन्सनमध्ये पेशी मरतात त्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या दुसऱ्या भागातल्या. लक्षणं सारखी दिसतात, जागा वेगळी, म्हणून लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाचा, गुण मँगनीजवाल्याला फारसा येत नाही. 2012 ची बेरीज पार्किन्सनची होती, या आजाराची नव्हे. शिवाय ज्याचा हात साथ देईना तो होल्डर कधीच खाली ठेवतो, मग वेल्डरांच्या यादीत उरणार कोण? 2017 साली अमेरिकेत 886 वेल्डरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याच्या वाट्याला मँगनीज जास्त, त्याची लक्षणं जास्त वेगाने वाढलेली दिसली.

तुमसरचा
डोंगरी बुजुर्ग, चिखला, आमच्या भंडाऱ्याकडच्या खाणी मँगनीजच्याच. आमचं घर त्यावर चालतं. धातूला सरसकट विष म्हणू नका एवढंच. पण खाणीतली धूळ जाड, आणि वेल्डिंगचा धूर इतका बारीक की रुमाल बांधून काही होत नाही, हेही खरं.

शेडवाला सातपूर
मग रक्त तपासा. आकडा आला की वाद मिटला.

मेंदूवाली
नाही मिटत. रक्तातलं मँगनीज अलीकडचं सांगतं, तीस वर्षांचं नाही. एमआरआयमध्ये ग्लोबस पॅलिडस उजळ दिसतं, पण काम सोडल्यावर ती चमकही काही महिन्यांत विरत जाते. चाल मात्र सुधारेलच असं नाही. काकांनी काम कधी सोडलं?

फिटर भोसरीकर
चार महिने झाले. लेव्होडोपा चालू आहे, फरक शून्य. एमआरआय अजून नाही, खर्च कोणी करायचा यावर मालकाशी भांडण चालू आहे. मँगनीजची बाधा सरकारला कळवायच्या आजारांत आहे, फॅक्टऱ्यांना लागू कायद्याच्या यादीतच. त्याला दाखवलं तर म्हणे, आमची फॅक्टरी नाही, शेड आहे.

मेंदूवाली
भांडण नंतर, एमआरआय आधी. यकृतही तपासा, सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होतं तेव्हा, मेंदूत तिथेच तशीच चमक दिसते.

शेडवाला सातपूर
बघा! यकृत! संध्याकाळची सवय विचारलीत का काकांना?

फिटर भोसरीकर
काका माळकरी आहेत, शेडवाले.