प्रति: न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या मोजतात कशी?
न्यूट्रॉन तारा म्हणजे स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा. इतक्या दूरचा, जेमतेम शहराएवढा हा तारा नेमका केवढा हे कळतं कसं, असं वर विचारलंय. उत्तर त्याच्या क्ष-किरणांच्या चढउतारात आहे. पृष्ठभागावरचे तप्त डाग ताऱ्याबरोबर फिरतात. पण डाग पलीकडे गेला तरी तो पूर्ण मावळत नाही, कारण प्रचंड गुरुत्वाकर्षण त्याचे किरण वाकवून आपल्याकडे आणतं! तारा जितका ठासून भरलेला, म्हणजे वस्तुमानाच्या मानाने लहान, तितका हा चढउतार सौम्य; त्यावरूनच त्रिज्येचा अंदाज बांधतात. मला ही युक्ती विलक्षण सुंदर वाटते. अंतराळ स्थानकावरच्या ‘नायसर’ दुर्बिणीच्या नोंदींवरून २०१९मध्ये सेकंदाला सुमारे २०५ फेऱ्या घेणाऱ्या जे००३०+०४५१ या पल्सारची (ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणाऱ्या, फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची) त्रिज्या साधारण १३ किमी निघाली. आणि डाग? समोरासमोरच्या ध्रुवांवर नव्हे, तर एकाच गोलार्धात. ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र साध्या द्विध्रुवी (समोरासमोर दोन ध्रुवांच्या) चुंबकासारखं असतं, तर डाग त्या ध्रुवांवर दिसले असते; ते चित्र तिथे बसेना.