जुन्या डब्यावर कोणतं लिनक्स टाकू?

राम राम मंडळी. आर्णीजवळच्या खेड्यातून लिहितो. घरी कोर टू ड्युओ, 2 जीबी रॅमचा कॉम्प्युटर आहे, त्यात विंडोज 7. चालू केला की चहा पिऊन होते, तरी डेस्कटॉप येत नाही. काम काय, तर सातबारा काढणं, बायकोच्या बचत गटाचा हिशोब अन् पोरीचं मराठी टायपिंग. नवा घ्यावा तर कापूस अजून घरातच आहे. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम एवढंच माहीत, कधी पाह्यलं नाही. कोणतं सोपं पडेल?

— भाऊ, डोळे झाकून लिनक्स मिंट, त्यातलं एक्सएफसीई वालं, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं. खालचा मेनू विंडोजसारखाच. 64 बिट प्रोसेसर लागते, तो तुमच्याकडे आहे. 2 जीबी रॅम म्हणजे जेमतेम; 4 करा. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा, हार्डडिस्कला धक्का लागत नाही.

— रॅमसोबत एसएसडीही (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका, खरा फरक तिथंच पडते. अँटीएक्स नावाचं लिनक्स आणखी हलकं आहे, पण नवख्याले ते रुक्ष वाटते. गटाच्या एक्सेल फायली लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेल-वर्डसारखंच सॉफ्टवेअर) उघडतात. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ निवडलं तर सगळं जाते, म्हणून फायली आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. अन् लाइन कधी जाईल नेम नाही, इन्व्हर्टर असेल तर त्यावर लावा.

— दोघांचेही आभार. नेट मोबाइलचंच आहे, चालते का? अन् मराठी कीबोर्ड?

— मोबाइल केबलनं जोडून मोबाइलच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलनं कॉम्प्युटरला देणं) सुरू करा, बहुतेक लगेच ओळखते. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी येते. पोरगी रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, शिकत असेल तर आधी सांगा, ते वेगळं लावावं लागते.