बंदी घातली कोणी, आणि कारण कुठे मिळतं?

इंटरनेटवरची ‘सेन्सॉरशिप सगळीकडे सारखीच’ असं म्हटलं जातं, ते मत मला पटत नाही. खरा फरक आहे तो साइट किंवा मजकूर बंद करण्याचा आदेश कोण देतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते का, यात. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ लागू होतं; त्याखाली केंद्र सरकार मजकूर बंद करायला लावू शकतं. त्या कलमाखालच्या २००९च्या नियमांतला नियम १६ गोपनीयतेचा, त्यामुळे आदेशाची प्रत सहसा हाती पडत नाही आणि न्यायालयात जायचं तर तिथेच गाडं अडतं. हे मला सर्वांत घातक वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या श्रेया सिंघल निकालाने याच कायद्यातलं ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणारं कलम) रद्द केलं, ६९अ मात्र कायम राहिलं. युरोपीय संघात डिजिटल सेवा कायद्याच्या कलम १७नुसार मजकूर काढल्यावर वापरकर्त्याला कारण कळवावं लागतं. चीनमध्ये गाळणी थेट नेटवर्कमध्येच: डीएनएसचं (साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता सांगणारी यंत्रणा) खोटं उत्तर, नाहीतर टीसीपी जोडणी, म्हणजे तुमचं यंत्र आणि साइट यांच्यातला दुवा, मध्येच तोडणं. म्हणून तिथे नुसता डीएनएस बदलून भागत नाही.

एखादी साइट उघडत नसेल आणि ती कोणी अडवली हे तपासायचं असेल तर आधी दुसऱ्या इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कवरून तोच पत्ता उघडा. साइटऐवजी ४५१ हा त्रुटी-कोड आला तर मजकूर कायद्याच्या कारणावरून अडवलेला आहे. ४०३ (प्रवेश नाकारला) किंवा टाइमआउट (वेळेत उत्तरच न येणं) दिसला म्हणून लगेच सरकारी बंदी समजू नका. बऱ्याचदा साइट स्वतःच त्या देशातले वापरकर्ते अडवते.