मदत हवी आहे: गोळी सुरू केल्यापासून बोटं पांढरी पडतात

सायली_क
भाऊ लक्ष लागत नाही म्हणून गोळी घेतो. हल्ली त्याची बोटं मधेच पांढरीफटक पडतात, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. गोळी मेंदूत डोपामिन नावाचं रसायन वाढवते म्हणे. मग रक्तवाहिन्यांचा काय संबंध? लवकर सांगा.

रानवारा
कोणती गोळी? डोस? सोबत आणखी काही घेतो का?

तात्या५१
लक्षासाठी गोळ्या कशाला? पहाटे उठून ध्यान करायला सांगा.

रानवारा
तात्या, त्यांनी बोटांचं विचारलंय.

सायली_क
मेथिलफेनिडेट. डोस नुकताच वाढवलाय. बाकी काही नाही, सर्दीची साधी गोळी तेवढी.

पेशीजाल
‘साधी’ म्हणू नका, पाकिटावर स्यूडोएफेड्रिन आहे का बघा. मेथिलफेनिडेट डोपामिनबरोबर नॉरएपिनेफ्रिन या रसायनाचंही पुनर्शोषण (चेतापेशीत परत ओढलं जाणं) अडवतं. ते साचलं की रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरचे अल्फा-१ ग्राही (रसायन ओळखणारी प्रथिनं) चेतवतं आणि वाहिन्या आवळतात. स्यूडोएफेड्रिनही वाहिन्या आवळतं, म्हणूनच चोंदलेलं नाक मोकळं होतं. पांढरी-निळी-लाल बोटं हे रेनॉचं, म्हणजे बोटांच्या वाहिन्या मधेच आवळण्याच्या विकाराचं, लक्षण वाटतंय. मेथिलफेनिडेटच्या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकात तसा इशारा असतो.

मीनल
पण डोपामिनने रक्तवाहिन्या रुंदावतात ना? मूत्रपिंडाच्या तरी.

पेशीजाल
शिरेतून कमी मात्रेत दिलं तर डी-१ ग्राहींमुळे रुंदावतात. मात्रा वाढवली की तेच डोपामिन वाहिन्या आवळतं. इथे मुख्य काम नॉरएपिनेफ्रिनचं आहे.

मीनल
मग अ‍ॅटोमॉक्सेटिन हे लक्षासाठीचं दुसरं औषध घ्यावं. माझ्या भाच्याला छान लागू पडलं.

पेशीजाल
ते तर नॉरएपिनेफ्रिनचंच पुनर्शोषण अडवतं! त्यानेही रेनॉ झाल्याच्या नोंदी आहेत.

गारवा
गोळी आजच बंद करा, विषय संपला.

रानवारा
असं परस्पर सांगू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी फोन करा, कदाचित डोस कमी करूनच भागेल. बोटं पांढरी असतानाचा फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत ती पूर्ववत होतात. सर्दीची गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नका. रक्तदाबही मोजून घ्या. आणि बोटांच्या टोकांना जखम आहे का? असेल तर आजच्या आज दाखवा.

सायली_क
जखम नाही. पाकिटावर स्यूडोएफेड्रिन आहे!! फोन लावते.

तात्या५१
सिगारेट ओढतो का ते विचारा. त्यानेही वाहिन्या आवळतात.

मीनल
बरं सांगितलंत तात्या. माझे दीर सिगारेट सोडायला ब्युप्रोपिऑन घेतात, वर निकोटिनची पट्टीही लावतात. चालतं का?

पेशीजाल
दोन्ही मिळून रक्तदाब चढू शकतो, तो नियमित मोजायला सांगा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा.