ध्वनिमुद्रिकेची बाजू कोठे कापायची, हे कानाने ठरवावे की संगणकाने?

धरमपेठचा श्रोता (धाग्याची सुरुवात)

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि स्लॅबखालच्या माळ्यावर आडव्या रचून ठेवलेल्या तबकड्या वाकतात, त्यामुळे जुन्या एल.पी. वेळेत संगणकावर उतरवून घेण्याची निकड ओळखीतल्या अनेक घरांत जाणवू लागली आहे. उतरवणे फारसे कठीण नाही. गाडी अडते ती पुढे. एक बाजू म्हणजे २०-२२ मिनिटांची एकच सलग फाइल असते आणि तिच्यातून एकेक गाणे वेगळे काढायचे असते.

माझे ठाम मत असे आहे की ऑडॅसिटीसारखा साधा, मोफत ध्वनिसंपादक (सॉफ्टवेअर) घ्यावा, पूर्ण बाजू एकदा शांतपणे ऐकावी आणि गाणे सुरू होताच कंट्रोल व एम या कळा दाबून तेथे खूण टाकत जावे. खुणेलाच गाण्याचे नाव द्यावे. निर्यात करताना अनेक फाइलींचा पर्याय निवडला की प्रत्येक खुणेपासून वेगळी फाइल तयार होते. शांतता हुडकून आपोआप तुकडे करणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा भरवसा नाही, कारण तबकडीवर निखळ शांतता नसतेच. दोन गाण्यांमधल्या मोकळ्या पट्टीतही सुईची खरखर चालूच असते. शांततेची मर्यादा फार खाली ठेवली तर सॉफ्टवेअरला एकही खंड सापडत नाही, आणि वर ठेवली तर आलापात गायकाने घेतलेला विराम त्याला गाण्याचा शेवट वाटतो.

सदरचा संग्राहक

आपला मुद्दा शास्त्रीय गायनापुरता मान्य करता येईल, परंतु भावगीते व चित्रपटगीते यांना तो लागू होत नाही. तेथे एका बाजूवर पाच-सहा गाणी असतात आणि प्रत्येक दोन गाण्यांमध्ये काही सेकंदांची स्पष्ट मोकळी जागा असते. ज्याच्या घरी कपाटभर तबकड्या आहेत, त्याने प्रत्येक बाजू हातात माउस धरून ऐकत बसावे, हा आग्रह मला अव्यवहार्य वाटतो. विनाइलस्टुडिओसारखे विकत मिळणारे सॉफ्टवेअर गाण्यांची यादी व त्यांची लांबी इंटरनेटवरील सूचीतून घेते आणि त्या आधाराने तुकड्यांच्या जागा सुचवते. पैसे मोजावे लागतात, हे खरे. पण काम तडीस जाते. नाहीतर 'बाजू एक', 'बाजू दोन' अशा नावांच्या फाइली डिस्कवर पडून राहतात आणि त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

धरमपेठचा श्रोता

लांबीवर विसंबण्यातच खरी अडचण आहे. टर्नटेबलचा पट्टा सैल पडून गती अवघी अर्धा टक्का मंदावली, तर २२ मिनिटांच्या बाजूच्या शेवटी साडेसहा सेकंदांचा फरक साचतो. म्हणजे शेवटच्या गाण्याची सुचवलेली जागा आदल्या गाण्याच्या अखेरच्या ओळीवर येऊन पडते. शिवाय मराठी नाट्यपदांच्या व भावगीतांच्या कितीतरी तबकड्या अशा सूचींत नोंदलेल्याच नाहीत, मग सॉफ्टवेअरने लांबी आणायची कोठून? आपोआप टाकलेली प्रत्येक खूण ऐकून तपासावीच लागणार असेल, तर वाचलेला वेळ फारसा उरत नाही.

महालचा वाचक

आपण दोघेही साध्या कामासाठी अवजड साधने सुचवत आहात. ज्यांच्या यूएसबी टर्नटेबलने थेट एमपी३ फाइल तयार केली आहे, त्यांना एमपी३डायरेक्टकट हे विंडोजवर चालणारे छोटेसे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. संपादकात एमपी३ उघडून पुन्हा एमपी३ म्हणूनच जतन केली की आवाजाची प्रत आणखी एकदा घसरते. हे सॉफ्टवेअर मात्र फाइल पुन्हा संकुचित न करता, तिच्या चौकटींच्या, म्हणजे एमपी३मधील आवाजाच्या छोट्या तुकड्यांच्या, सीमेवरच कापते. एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची असते आणि गाण्याचा आरंभ पकडायला तेवढी अचूकता भरपूर झाली.

धरमपेठचा श्रोता

कापण्यापुरते ते उत्तम आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु तबकडीची टिकटिक काढायची असेल, तर आवाज उलगडून पुन्हा बांधावाच लागतो. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह या असंकुचित स्वरूपातच करावे. १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झला मिनिटामागे साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे एक पूर्ण बाजू सव्वादोनशे एमबीच्या आसपास बसते. आजच्या डिस्कला ते मुळीच जड नाही. टिकटिक आधी सलग फाइलवरच काढावी आणि मग तुकडे करावेत, म्हणजे सर्व गाण्यांवर एकसारखा संस्कार होतो.

इतवारीचा रसिक

ख्यालाच्या तबकड्यांविषयी मला वेगळेच सांगायचे आहे: त्या कापूच नयेत. विलंबित (संथ लयीचा भाग) संपून द्रुत (जलद लयीचा भाग) सुरू होताना तानपुरा थांबत नाही, तबल्याचा ठेका तेवढा बदलतो, आणि ऐकणाऱ्याला तो बदल अखंड हवा असतो. तेथे दोन वेगळ्या एमपी३ फाइली केल्या, तर एमपी३ तयार करणारा एन्कोडर प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना किंचित रिकामी जागा भरतो आणि पुष्कळ प्लेअरवर नेमक्या समेच्या तोंडाशी तानपुरा तुटतो. बाजू एकसंध फ्लॅक स्वरूपात, म्हणजे आवाजाची प्रत न घसरवता जागा वाचवणाऱ्या स्वरूपात, ठेवावी. ऑडॅसिटीतील खुणा साध्या मजकूर फाइलमध्ये निर्यात करता येतात. प्रत्येक ओळीत आरंभ व शेवट सेकंदांत आणि पुढे नाव असते. ती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवली की द्रुत कोठे सुरू होते, ते केव्हाही सापडते आणि मूळ ध्वनीला धक्का लागत नाही.

सदरचा संग्राहक

मूळ प्रत अखंड ठेवण्याला माझा विरोध नाही. परंतु सेकंदांची मजकूर फाइल उघडून द्रुत शोधत बसणे घरातील वडीलधाऱ्यांना जमणारे नाही. त्यांना मोबाइलवर बंदिशीचे नाव दिसावे आणि त्यावर बोट ठेवताच ती वाजावी, एवढेच हवे असते. माझ्याकडील ख्यालाच्या बाजूही मी विलंबित व द्रुत अशा वेगळ्याच करून देणार आहे. सांधा तुटू नये म्हणून त्या एमपी३ऐवजी फ्लॅकमध्ये देईन.