बोर्डाचं कर्ज वेगळं, शेतकऱ्याची उचल वेगळी
पुष्कळांना वाटतं की घानाचं सरकारी कोको मंडळ, म्हणजे कोकोबॉड, दरवर्षी परदेशी बँकांकडून कर्ज काढायचं, म्हणजे शेतकऱ्याला भांडवल मिळायचं. तसं नाही हो. तो पैसा मुख्यतः कोकोच्या तयार बियांच्या खरेदीसाठी. २०२४-२५ च्या हंगामाला तर त्यांनी तेही घेतलं नाही. शेतकऱ्याची खरी नड पावसाळ्यात, हाती माल नसताना. मग खताला, पोरांच्या फीला बिया विकत घेणाऱ्या कंपनीच्या गावातल्या खरेदी-कारकुनाकडून उचल, आणि ऑक्टोबरात ६४ किलोचं पोतं त्याच्याच काट्यावर. (काट्याबद्दल आपल्याकडच्यांना काय सांगायचं!) मजुरीला रोकड नसते म्हणून 'अबुसा': बाग राखणाऱ्याला पिकाचा तिसरा हिस्सा. 'अबुनू'त कसणारा दुसऱ्याच्या जमिनीत बाग उभी करतो आणि मग निम्मेनिम. माझ्या मते बँकांपेक्षा या वाटेकऱ्यांनीच तिथला कोको जास्त उभा केलाय.